फिफ्टीन की फिफ्टी? कंपनीत अपंग कर्मचाऱ्यांचा गट काढला त्याची गोष्ट

सप्टेंबर २०२२. सोमवारची मीटिंग, काचेची केबिन, एसीची घरघर, आणि साहेब फळ्याकडे तोंड करून बोलताहेत. मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पुरवठादारांची बिलं बघते. साहेब म्हणाले, भोसरीच्या एका वर्कशॉपचं पेमेंट फिफ्टीन डेज थांबवा, मालाचा रिपोर्ट यायचाय. मी वहीत लिहिलं ५० आणि सिस्टीमलाही ५० टाकले. तेविसाव्या दिवशी वर्कशॉपच्या मालकांचा फोन आला. "ताई, आमचं काय चुकलं ते तरी सांगा. पोरांचे पगार व्हायचेत." छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, २००६ चा कायदाच आहे तसा. ५० टाकताना माझा हात अडायला हवा होता. अडला नाही, कारण ऐकलेलं परत विचारायचं नाही ही सवय मला सात-आठ वर्षांची.

ऐकू कमी येतं हे मला ठाऊक होतं, घरी ठाऊक होतं. ऑफिसात मीटिंगला साहेबांच्या समोरची खुर्ची पकडायची, ओठ बघायचे, सगळे हसले की हसायचं. २०२० मध्ये मास्क आले आणि ओठ गेले. पण लगोलग घरून काम सुरू झालं, बोललेलं स्क्रीनवर खाली अक्षरांत उमटायला लागलं, आणि लोकांची वाईट गेली ती दोन वर्षं ऑफिसच्या बाबतीत माझी सुखाची गेली. ऑफिस परत भरलं तशी ती अक्षरंही गेली.

त्या फोनपासून कंपनीत गट उभा राहीपर्यंत सव्वा वर्ष लागलं. गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीतल्या एका मुलीने विचारलं, ताई, सुरुवात कुठून करायची? फोनवर नीट सांगता आलं नाही (फोन हा माझा प्रांतच नाही), म्हणून लिहून काढते आहे.

आधी कान. ऑक्टोबरमध्ये खाजगीत ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) केली, ८०० रुपये. दोन्ही कानांची मशीनं, मधल्या दर्जाची, ८४,००० रुपये. मेडिक्लेमने हात वर केले. पहिल्या आठवड्यात ती खिडकीतून फेकून द्यावीशी वाटतात: कुकरची शिट्टी, पिशवीची चुरचुर, स्वतःचं पापड खाणं, सगळं अंगावर येतं. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचा. आणि पावसाळ्यात रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, नाहीतर दमटपणाने बिघडतं. ऑफिसात मात्र मी केस मोकळे सोडायचे, म्हणजे मशीन दिसू नये.

मग प्रमाणपत्र. नोव्हेंबरमध्ये सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरला. फॉर्म वीस मिनिटांचा, पुढची चक्कर चार महिन्यांची. सरकारी रुग्णालयात पहिल्या खेपेला कळलं की कानाची तपासणी ठरावीक वारीच असते. दुसऱ्या खेपेला बेरा तपासणीची (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्राने बघतात) तारीख मिळाली, पाच आठवड्यांनंतरची. माझा खाजगी रिपोर्ट बाजूला ठेवला गेला, तिथलाच लागतो म्हणाले. एकूण तीन रजा. जाणार असाल तर वार आधी विचारून जा, सकाळी आठच्या आत पोचा, आणि शक्य असेल तर कोणाला तरी सोबत न्या. ऐकू न येणाऱ्यांच्या रांगेतही नावं तोंडानेच पुकारतात.

मार्च २०२३ मध्ये कार्ड आलं, पांढऱ्या पट्टीचं. म्हणजे दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या आतलं. नोकरीतलं आरक्षण, प्राप्तिकरात तेव्हाच्या ८० यू कलमाखालची ७५,००० रुपयांची वजावट, हे सगळं ४० पासून पुढे. "याचा तसा उपयोग नाही मॅडम," खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, वाईट हेतूने नव्हे. मी रिक्षात बसून थोडी रडले. चांगलं ऐकणाऱ्यांत आपण नाही हे एव्हाना पचलं होतं. आता कळलं की बहिऱ्यांतही पुरत्या नाही.

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम वाचायला घेतला तो निव्वळ चिडून. त्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत हे तेव्हा कळलं. 'दिव्यांग व्यक्ती'च्या व्याख्येत टक्क्यांचा उल्लेख नाही. दीर्घकाळचं व्यंग आणि त्याला आडवे येणारे अडथळे, एवढंच आहे. ४० टक्के येतात ते 'लक्षणीय दिव्यांगत्व' या दुसऱ्या व्याख्येत. शिवाय २१ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात सोयी कोणत्या, पदं कोणती, आणि लायझन अधिकारी (दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा) कोण, हेही लागतं. खाजगी कंपनीलासुद्धा.

आमच्या कंपनीचं धोरण होतं. इंट्रानेटवर सहा क्लिकनंतर अकरा पानी पीडीएफ. लायझन अधिकारी म्हणून ज्यांचं नाव होतं ते २०२१ मध्ये नोकरी सोडून गेले होते. त्यांच्या निरोपाचा केक मी खाल्लेला.

२ मे २०२३ ला एचआरला मेल केला. पहिला मसुदा दीड पानी होता, त्यात संवेदनशीलता वगैरे शब्द होते. नवऱ्याने वाचून विचारलं, "तुला नक्की हवंय काय?" मग दोनच ओळी ठेवल्या: धोरणातलं अधिकाऱ्याचं पद रिकामं आहे, ते भरा, आणि मीटिंग रूममधल्या स्क्रीनवर कॅप्शन, म्हणजे बोललेलं अक्षरांत, सुरू ठेवायची परवानगी द्या. त्याखाली कलमाचा क्रमांक. मागणी अशी करावी की समोरच्याला हो किंवा नाही यातलंच काहीतरी म्हणावं लागेल.

उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. एचआरच्या मॅडम मनाने चांगल्या. म्हणाल्या, कॅप्शनचं बघू, अधिकारीही नेमू, पण हेड ऑफिसला एम्प्लॉयी रिसोर्स ग्रुप, म्हणजे सारखे प्रश्न असलेल्या कर्मचाऱ्यांचे गट, असतात, आपल्याकडे फक्त महिलांचा आहे, तुम्ही अपंगांचा का सुरू करत नाही? मागितला अधिकारी आणि मिळाला गट, म्हणजे काम पुन्हा माझ्याच गळ्यात.

हेड ऑफिस परदेशात. त्यांचं प्रशिक्षण आपल्या रात्री साडेआठला, पोळ्या अर्ध्या टाकून. तिथे कळलं की अशा गटांची सुरुवात अमेरिकेत १९७० च्या सुमारास झेरॉक्समध्ये झाली, कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी केली. कंपनीच्या रॉचेस्टर शहरात १९६४ मध्ये मोठी वांशिक दंगल झाली होती, त्या धगीतून. मला ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे ही रांगोळ्या आणि गुलाबाच्या फुलांची गोष्ट मुळात नव्हती. (आमच्या महिला गटाचं वर्षाचं बजेट ८ मार्चच्या फुलांत आणि मडकी रंगवण्यात संपतं. असो.) त्यांनी पाठवलेल्या फॉर्ममध्ये वंशाचा रकाना होता, माजी सैनिकांचा होता. मी विचारलं, भारतासाठी जातीचं काय? त्याच वर्षी फेब्रुवारीत सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली होती, म्हणजे विषय त्यांना अगदीच नवा नसावा. कॉलवर जरा शांतता. मग कोणीतरी म्हणालं, हा मुद्दा पार्किंग लॉटमध्ये ठेवू, म्हणजे नंतर कधीतरी बघू. अजून तिथेच उभा आहे.

माणसं शोधणं हे सगळ्यांत अवघड. कोण अपंग आहे याची यादी कंपनीकडे नसते, आणि नसलेलीच बरी. सगळ्यांना मेल टाकायची परवानगी मिळायला तीन आठवडे गेले. मग लक्षात आलं की शॉप फ्लोअरवरच्या लोकांना मेल आयडीच नाहीत. शेवटी टाइम ऑफिसपाशी पंचिंग मशीनच्या शेजारी कागद चिकटवला, मराठीत आणि हिंदीत. तिथे रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून वाचला जातो. एचआरच्या मसुद्यात 'दिव्यांग बंधू-भगिनींनो' होतं. आम्ही लिहिलं: 'दिसायला, ऐकायला, चालायला, शिकायला, मनाला त्रास आहे, किंवा घरात कोणाला आहे? मंगळवारी २० जून, कँटीन, पहिली पाळी सुटल्यावर.'

चौघं आले. पोलिओने पाय गेलेले टूल रूमचे एक फिटर. आयटीतला एक मुलगा, ज्याला जवळपास दिसत नाही आणि जो एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर लावून काम करतो (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरनी सुरू केलं). परचेसमधली एक मैत्रीण, जिचा मुलगा स्वमग्न आहे हे मला सहा वर्षं शेजारी बसून माहीत नव्हतं. आणि स्टोअरमधला एक पोरगा, जो समोसे बघून आला होता. पुढे तोच सगळ्यांत नियमित निघाला.

पहिला अर्धा तास नावावर गेला. 'दिव्यांग' म्हणायचं की 'अपंग'? फिटर म्हणाले, "दिव्य काय आहे त्यात? मला जिना चढताना बघा एकदा." नाव काय ठरलं ते इथे लिहीत नाही, कंपनी ओळखू येईल.

मग चार्टर, म्हणजे गटाची घटना. जुलै ते ऑक्टोबर त्यातच गेले. एचआरचा मसुदा, लीगलची लाल शाई, हेड ऑफिसचा होकार, पुन्हा लीगल. तुमच्यावर ही वेळ आली तर चार गोष्टी आधीच लिहून घ्या: महिन्याला कामाच्या वेळेतले किती तास मिळणार (आम्हाला दोन मिळाले), पैसे कोणत्या कॉस्ट सेंटरवर (म्हणजे कंपनीच्या कोणत्या खर्चाच्या खात्यावर) पडणार, वरचा कोणता साहेब गटाच्या पाठीशी राहणार, आणि सदस्य कोणाला होता येईल. या शेवटच्या मुद्द्यावर आमचं वाजलं. मसुद्यात ओळ होती, '४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आवश्यक.' मी पर्समधून पांढऱ्या पट्टीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "मग गटाची सुरुवात करणारी बाईच गटात बसत नाही." मॅडमनी कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. त्यांनी असं कार्ड पहिल्यांदाच पाहिलं होतं. ओळ निघाली. कार्ड कोणालाच मागायचं नाही असं ठरलं. पालक, जोडीदार, ज्याला यावंसं वाटेल तो येऊ शकतो.

कंत्राटी कामगारांचं मात्र जमलं नाही. आमच्याकडे फ्लोअरवरची निम्म्याहून जास्त माणसं कंत्राटी आहेत. लीगल म्हणालं, त्यांना गटात घेतलं तर ते आपले कर्मचारी आहेत असा अर्थ निघू शकतो. शेवटी 'पाहुणे म्हणून बसू शकतात' असं काहीतरी अर्धवट लिहिलं गेलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

सप्टेंबरात निरोप आला की युनियनला भेटा. युनियनचे सेक्रेटरी अण्णा. केबिनचं दार बंद करून म्हणाले, "ताई, युनियन आहे ना? मग हे काय नवीन? मॅनेजमेंट दुसरी युनियन उभी करतंय, असं पोरं म्हणतात." मी चार्टरमधलं कलम दाखवलं: पगार, बढती, शिस्तभंगाची कारवाई या विषयांत गट पडणार नाही, लैंगिक छळाची तक्रार आली तर ती २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाईल. अण्णा म्हणाले, "जरा मोठ्यांदा बोला." मला वाटलं चिडले. मी पुन्हा सांगितलं. ते पुढे वाकले, डावा कान माझ्याकडे करून. "मोठ्यांदा हो."

ती मान वाकवण्याची पद्धत मी आरशात पाहिलेली होती.

मी केस कानामागे घेतले. ऑफिसात, दिवसाढवळ्या, पहिल्यांदा. "अण्णा, मोठ्यांदा नाही, समोर बघून बोलते. मला पण तसंच लागतं." ते बराच वेळ त्या मशीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं प्रेस शॉपच्या धडधडीत काढली. घरी टीव्हीवरून रोज भांडण." आणि जरा थांबून, "केवढ्याला पडतं हे?"

त्यानंतर युनियनची अडचण आली नाही.

३१ ऑक्टोबरला प्लांट हेडची सही झाली. उद्‌घाटन जागतिक दिव्यांग दिनाला करायचं होतं, ३ डिसेंबरला. पण २०२३ मध्ये तो रविवार होता, म्हणून शुक्रवारी, १ तारखेला. एचआरने कार्यक्रम सुचवला: सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून कँटीनपर्यंत चालवायचं, म्हणजे अंधत्वाचा अनुभव येईल. आयटीतला मुलगा शांतपणे म्हणाला, "त्यांना भीतीचा अनुभव येईल. मी घाबरत नाही. मला फक्त तुमच्या रजेच्या अर्जातलं सबमिट बटन वाचता येत नाही." पट्ट्या रद्द झाल्या. त्याऐवजी त्याने प्रोजेक्टरवर स्क्रीन रीडर लावून रजेचा अर्ज भरून दाखवला. मशीनचा आवाज म्हणत राहिला: बटन, बटन, बटन. आधी लोक हसले. चौथ्या मिनिटाला कोणी हसत नव्हतं.

त्या कार्यक्रमाला सांकेतिक भाषेच्या दुभाषी ताई बोलावल्या होत्या. अर्ध्या दिवसाचे ४,००० रुपये. हा भाग मी जरा सविस्तर लिहिते, कारण इथे माझ्याच खात्याने मला रडवलं. पैसे द्यायचे तर त्यांचा व्हेंडर कोड, म्हणजे आमच्या सिस्टीममधला पुरवठादार क्रमांक, हवा. कोडच्या फॉर्मला जीएसटी क्रमांक हवा. त्यांच्याकडे तो नाही, कारण सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागतच नाही. त्यासाठी साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र घ्यायचं, सोबत पॅन आणि रद्द केलेला चेक. टीडीएस त्या वर्षी ३०,००० च्या आत कापावा लागत नव्हता. हे सगळं मला पाठ, तरी कोड मिळायला पाच आठवडे, कारण गटाचं कॉस्ट सेंटरच उघडलेलं नव्हतं. ते जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. तोवर त्या ताईंचे पैसे मी स्वतःच्या खात्यातून दिले होते. तुम्ही असं करू नका. आधी कॉस्ट सेंटर, मग कार्यक्रम. आणि अकाउंट्समधल्या एखाद्याला गटात ओढाच.

पहिल्या वर्षाचं बजेट ६०,००० रुपये. त्यात सगळ्यांत उपयोगी पडली ती १८० रुपयांची मोजपट्टी. मार्चमध्ये फिटर आणि मी अख्खा प्लांट मोजला. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो: सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लांबी. कँटीनचा आमचा रॅम्प निघाला एकास सहा. तो माणसांसाठी नव्हताच, भांड्यांच्या ट्रॉलीसाठी होता. कमोडचं संडास एकच, तेही पाहुण्यांच्या लॉबीत. फिटर पंधरा वर्षं पाण्याचे घोट मोजून पीत होते. हे त्यांनी मोजमाप चालू असताना सांगितलं, पट्टीचं दुसरं टोक धरून, माझ्याकडे न बघता. संडास जूनमध्ये झालं. रॅम्प दिवाळीत. कॅप्शन मात्र एका दिवसात आणि फुकट, आयटीच्या एका सेटिंगवर. त्या एका सेटिंगसाठी मी मे २०२३ पासून थांबले होते.

उत्साह टिकतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उद्‌घाटनानंतरच्या मीटिंगला चौदा जण, मग नऊ, मग पाच, एप्रिलमध्ये तिघं. वर्षअखेरचं काम होतं, उकाडा होता, आणि साहेबांनी एकदा विचारलंही की हे दोन तास नक्की कशाचे. मी त्यांना चार्टरमधली ओळ दाखवली, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. अप्रेजलमध्ये गटाचं काम 'इतर योगदान' या रकान्यात एका ओळीत बसलं.

गर्दी परत वाढली ती अण्णांमुळे. त्यांनी दिवाळीच्या आत एका कानाचं मशीन घेतलं आणि लपवलं नाही. प्रेस शॉपची माणसं यायला लागली, चाळिशी-पन्नाशीची. त्यांना गटबिट नको होता, विचारायचं होतं की तपासणी कुठे करायची. त्यांच्याकडून कळलं की इअरप्लगची खोकी स्टोअरमध्ये पडून असतात, कारण ते घातले की फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू येत नाही. आवाजाने येणारा बहिरेपणा तेव्हाच्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून होता. पण नुकसानभरपाई, शॉपमधला आवाज कमी करणं, हे आमच्या चार्टरच्या बाहेरचं. ते अण्णांनी युनियनच्या पत्रावर घेतलं आणि आम्ही फक्त तपासणीचं शिबिर लावलं. आमच्या गटाला कुठे थांबायचं हे तेव्हा कळलं, थोडं खजील होऊन.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी संयोजकपद सोडलं, आयटीतल्या मुलाने घेतलं. सूत्रं देताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की एकोणीस मीटिंगांची सगळी मिनिट्स, म्हणजे काय ठरलं त्याच्या नोंदी, शेअर्ड फोल्डरमध्ये आहेत. माझं अक्षर बरं आहे. मी वहीत लिहायचे आणि पानाचा फोटो काढून टाकायचे.

तो म्हणाला, "मॅडम, फोटो माझं सॉफ्टवेअर वाचत नाही."

"मग वीस महिन्यांत बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही एवढं लिहिताय, म्हटलं कशाला."

सध्या रोज रात्री एक मीटिंग टाइप करते. बारा झाल्यात, सात राहिल्यात.